सतरावी महिरप

६ जानेवारी

ताई,

कोणी गेलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण गेल्या वीस वर्षांत माझं अक्षर तुझ्या दारात आलं ते फक्त तसल्या बातम्या घेऊन. आधी आई, मग धाकटे काका. आणि भावजी गेले तेव्हा मी तुला दोन ओळी लिहिल्या होत्या. बहिणीला दोनच ओळी कशा काय सुचल्या, ते आज विचारू नकोस.

कामासाठी लिहितेय. लहानपणी सारखी तुझ्या मागे असणारी तुझी शेपूट साठ वर्षांची झाली आणि आता अभ्यास करायला निघालीय. हसायचं असेल तर हसून घे.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या लेसच्या खोलीचा इतिहास मला लिहायचाय. ती खोली कशी सुरू झाली, कोणत्या मुली तिथे बसल्या, कसं काम केलं आणि ते सगळं कुठे गेलं. शाळेची इमारत जूनमध्ये दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात जातेय, कपाटं रिकामी करायला घेतलीत. आपल्या वेळच्या एकोणीस जणींपैकी आता सातच उरल्यात, त्यातली एक मला पाहून 'कोण गं तू?' म्हणाली आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच म्हणाली. आता नाही लिहिलं तर कोणी लिहिणार नाही.

पण हे काम नुसत्या हौशीनं होत नाही. सातजणी सात गावांत आहेत. म्हणून पदर खोचून मदत मागत फिरतेय. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी विचारलं, तुम्ही कोणत्या संस्थेतर्फे आलात? मी म्हटलं, घरातर्फे. त्यांनी मला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला आले. मग लेसच्या कारखान्याच्या मालकांकडे गेले. ते म्हणाले, बाई, लेसला इतिहास नको, गिऱ्हाईक हवं. निघताना यंत्रावरची दोन मीटर लेस भेट दिली. ती कुठे लावू? माझ्या कपाळाला?

शेवटी हस्तकला निधीच्या कार्यालयात एक मुलगी भेटली. अंबाड्यात पेन खोचते आणि विसरते, मग टेबलभर शोधत बसते. तिनं माझा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अर्ज कोणी वाचतं हेच मला नवीन होतं. मग म्हणाली, "मॅडम, हे सगळं छान आहे. पण पुरावा काय?"

पुरावा एकच आहे ताई. कपाटाच्या तळाशी, निळ्या कागदात गुंडाळलेला सापडला. चर्चमधल्या वेदीवरच्या वस्त्राची ती लांब किनार, चोवीस महिरपींची. अर्जात मी काय लिहिलंय ते उतरवून पाठवते:

'या खोलीत मुली गोल, कडक उशीवर लेस विणत. नक्षी टोचलेला पुठ्ठा उशीवर बसवलेला असे. दोऱ्याच्या जोड्या लाकडी बॉबिनवर गुंडाळलेल्या असत, त्यांना आम्ही काड्या म्हणत असू. काड्या एकमेकींवरून ओलांडायच्या, पीळ द्यायचा आणि टाचणी खोचायची. प्रत्येक मुलीची उशी वेगळी असे आणि दुसरीनं तिला हात लावायचा नाही असा नियम होता. दोरा ओढण्याची प्रत्येकीची ताकद निराळी, त्यामुळे हात बदलला की लेसवर कळतो. चांगलं काम विकलं गेलं, आणि ते करणारीचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. खोलीत फक्त हा एक नग राहिला, कारण त्याच्या सतराव्या महिरपीत दोष आहे.'

म्हणजे बघ, बिनचूक होतं ते सगळं गेलं. आपल्याकडे राहिली ती चूक.

माझं म्हणणं असं की कागदावर नावं नसली तरी हातावरून मुली ओळखता येतील. त्यासाठी एक नमुना पक्का लागतो: हा नग अमकीचाच आहे, असं तिनं स्वतः सही करून सांगितलेला. तू एक पान लिहून पाठव. 'ही किनार मी विणली' एवढंच. सतराव्या महिरपीत एक पीळ जास्त पडलाय. तो कसा पडला, यात शिरायचं कारण नाही.

अर्जाची मुदत मार्चच्या मध्यापर्यंत आहे.

तुझी,
शेपूट


२८ जानेवारी

ताई,

तुझ्या मुलाचा फोन आला होता. फार गोड बोलतो गं, अगदी बाबांसारखा शब्द घोळवून. म्हणाला, "मावशी, आई म्हणते तिला ते लेस-बिस काही आठवत नाही." पाठीमागून भांडी जरा जास्तच जोरात वाजत होती.

तुला आठवत नाही? तुला तर मदरच्या चपलांचा आवाजसुद्धा दोन जिने खालून ओळखता यायचा. मोठी मदर नव्हे, आपली टाचणी-मदर. झग्याच्या बाहीवर टाचण्यांची रांग, आणि शेवटी शेवटी डोळे इतके अधू झालेले की शेजारच्या खोलीत बसून ती आपलं काम कानांनी तपासायची. एकोणीस उश्यांवरच्या काड्यांची टकटक. एखादीची थांबली की भिंतीपलीकडून हाक यायची, "तिसरी खिडकी, झोप लागली का?" आणि तिसऱ्या खिडकीतली ती जाडी खरंच पेंगत असायची.

मी तेव्हा तेरा वर्षांची. मला अजून उशी मिळालेली नव्हती, मी दोरा गुंडाळायला होते. तुझ्या पायाशी स्टुलावर बसायचे. तुझे हात खालून कसे दिसायचे माहीत आहे? काड्या तू उचलायचीसच नाहीस, नुसत्या तळव्याखालून लोटायचीस, जशा काही त्या स्वतःच पुढे चालल्यात. घरी बाबा म्हणायचे, दोन्ही पोरी दिवसभर शाळेत काड्या करून येतात. रोज तोच विनोद, आणि आई रोज हसायची.

कार्यालयातल्या मुलीनं मला परवा बोलावलं होतं. तिनं किनारीचे फोटो मोठे करून टेबलावर मांडले. सोळा महिरपी एकीसारखी दुसरी. अठरापासून पुढच्याही तशाच. मधली एक जरा ताठ. तिनं पेनाच्या मागच्या टोकानं तिथे टकटक केलं आणि विचारलं, "तुम्ही म्हणता हात ओळखता येतो. मग हा हात कोणाचा?"

मी म्हटलं, घाईत होतं कधी कधी असं.

तिनं ते लिहून घेतलं. घाईत होतं. तेव्हापासून मला अन्न गोड लागेनासं झालंय.

ती महिरप झाली त्या दिवशी चार ते पाच तू खोलीत नव्हतीस. तुझ्या उशीवर मी होते. तू बस म्हणालीस म्हणून बसले. एवढं पुरे ना? तू पान पाठवताना हवं तर हेही लिही, माझी हरकत नाही.

शेपूट


११ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. 'माझी हरकत नाही' असं लिहिणारीच्या तोंडात मारायला हवी होती.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की कबुली द्यायची तर क्रमानं द्यावी, आवडीनं नाही. क्रमानं लिहिते.

बाबा रुग्णालयात होते. भेटायची वेळ चार ते पाच. आई कामावर. बाबांचे हात थरथरायचे, कोणी भरवलं नाही तर ताट तसंच परत जायचं. तू मदरकडे तासाभराची सुट्टी मागितलीस, आणि ती म्हणाली, किनार महिनाअखेरीस जायची आहे. मग तू मला तुझ्या जागी बसवलंस. मोकळ्या सहा काड्या माझ्या मांडीवर ठेवल्यास आणि कानात म्हणालीस, "शेपटे, फक्त आवाज करायचा. उशीला हात लावायचा नाही." भिंतीपलीकडे मदरला टकटक ऐकू आली म्हणजे झालं.

चार दिवस मी नुसता आवाज केला. पाचव्या दिवशी मी विणलं.

कोणी सांगितलं नव्हतं. चुकून हात लागला असंही नाही. चार दिवस मी तुझ्या महिरपी डोळ्यांसमोर पाहत होते, ताई, आणि मला वाटलं की मला येतंय. जाळीत दोन पीळ द्यायचे हे माहीत होतं. मी तीन दिले, सगळीकडे सारखे तीन, कारण तीननं ती जास्त देखणी दिसेल असं मला वाटलं. मोठ्या शहाणपणानं विणली मी ती. तू बाबांकडून धावत आलीस, धापा टाकत, उशीकडे न बघता बसलीस आणि पुढची टाचणी खोचलीस. मी काही बोलले नाही. वाटलं, तुला कळलं नाही म्हणजे जमली.

मदरला महिनाअखेरीस कळली. किनार उशीवरून उतरवून ती टेबलापाशी उभी राहिली आणि एकेका महिरपीवरून बोट फिरवत गेली. सोळा. मग बोट थांबलं. मागे गेलं, परत आलं. सगळ्या काड्या थांबल्या. तिनं विचारलं, "हा कोणाचा हात?"

तू म्हणालीस, "माझा."

मी फरशीकडे बघत होते. त्या फरशीवर हिरवी चौकट होती आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तो टवका मला आजही काढून दाखवता येईल.

तुला खोलीतून काढलं. पुढच्या वर्षी तुला लेसशिक्षिकेच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं होतं, ते गेलं. तू कापडाच्या दुकानात मोजणीला लागलीस, मग लग्न, मग ते दूरचं गाव. आणि तीन वर्षांनी प्रशिक्षणाला मी गेले. तुझ्या जागेवर. तेवढ्यावर मी सत्तावीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, निरोपाच्या दिवशी हारही घालून घेतला.

कार्यालयातल्या मुलीला मी काल सगळं सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, खरं तर हा फार मोलाचा पुरावा आहे, हात बदलल्याचा नेमका तास आणि कारण माहीत असलेला नग कुठे मिळतो? पण हे निधीच्या समितीपुढे ठेवायचं तर तुमच्या बहिणीची लेखी संमती हवी, ही गोष्ट तिचीही आहे.

बघ कशी गंमत. ज्या एका चुकीनं तुझं सगळं गेलं, तिच्यावरच मला निधी मिळू शकतो. म्हणजे मी दुसऱ्यांदा तुझ्या उशीवर बसणार. या वेळी विचारून बसतेय. नाही म्हणालीस तर त्या महिरपीचं पान अर्जातून काढेन, मग अर्जाचं काय व्हायचं ते होवो.

मला माफ कर. सत्तेचाळीस वर्षं झाली त्याला.

तुझी
धाकटी


९ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. दहा पानं. अक्षर अजून तसंच, डावीकडे समास सोडून, एकही खाडाखोड नाही.

मी ते दारातच उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारीण मीठ मागायला आली तिला साखर दिली.

तर मदरला माहीत होतं. त्याच संध्याकाळी तिनं तुला एकटीला बोलावून सांगितलं की तो हात तुझा नाही, एका नवख्या मुलीचा आहे, आणि नवखेपण सोडलं तर चांगला आहे. तू बाबांचं कारण सांगितलंस. ती म्हणाली, नियम मोडला तो मोडलाच. आणि तीन वर्षांनी तिनं दुकानात निरोप पाठवून तुला बोलावलं आणि विचारलं, धाकटीला पाठवू का? तू हो म्हणालीस.

तू हो म्हणाली होतीस. मी सगळा जन्म ती जागा चोरल्यासारखी वापरली, आणि ती तू दिलेली होती.

पण तुझं सहावं पान मला जास्त लागलं. त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तू लिहिलंयस: 'महिरपीचं मला काही वाटलं नाही. तेरा वर्षांची पोर, हात शिवशिवणारच. मी असते तर मीही विणलं असतं. पण तू प्रशिक्षणाहून आलीस, घरी पाहुणे जमले होते, कोणीतरी म्हणालं की मोठीही छान विणायची ना? आणि तू प्रमाणपत्र हातात धरून म्हणालीस, ताईला कुठे आवड होती लेसची. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.'

ताई, मला हे आठवत नाही.

मी दोन दिवस आठवायचा प्रयत्न केला. पाहुणे आठवतात. माझी पांढरी साडी आठवते. कोण कुठे बसलं होतं तेसुद्धा. तू दारात होतीस हे आठवत नाही, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालेलं मला ऐकूच येत नाही. पण मी ते म्हणाले असणार. अगदी माझ्याच तोंडचं वाक्य आहे. ते म्हटल्याशिवाय त्या प्रमाणपत्राचा आनंद मला घेता आला नसता.

म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच गोष्टीचं ओझं वाहिलं. जिच्यासाठी माफी मागत होते ती तू कधीच सोडून दिली होतीस, आणि जिच्यासाठी मागायला हवी होती ती मी त्याच दुपारी चहाबरोबर पिऊन टाकली.

बाकीच्या चार पानांबद्दल काय बोलू! एकोणीसच्या एकोणीस जणी. कोणाचा दोरा डावीकडे ओढायचा, कोणाच्या बोटांना घाम यायचा म्हणून तिची लेस पिवळट पडायची, कोण टाचणी तोंडात धरायची. जाडी पेंगायची पण झोपेतही तिचा पीळ चुकायचा नाही, हे मला माहीतच नव्हतं. लेस-बिस काही आठवत नाही म्हणणारी तू! मुलाला खोटं बोलायला लावलंस ते लावलंस, वर भांडी आपटलीस.

आणि शेवटी: 'सही करणार नाही. तू चार ओळींचं पान मागतेस, त्यात मी मावत नाही. विचारायचं असेल तर येऊन विचार.'

बरं. ते पान मी अर्जातून काढलंय. तुझी चार पानंही पाठवली नाहीत, ती तू मला लिहिलीस, समितीला नाही.

धाकटी


२७ मार्च

ताई,

समितीपुढे जाऊन आले. पाच माणसं, एक लांब टेबल, पाण्याचे पाच पेले आणि मला एकही नाही. आपली पेनवाली भिंतीशी बसली होती, डोळ्यांनी धीर देत.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग मधल्या गृहस्थांनी फोटो उचलला. त्यांचा आवाज बाबा आदमच्या काळातल्या हेडमास्तरांसारखा. म्हणाले, तुमचा सगळा अभ्यास हातावरून माणूस ओळखण्यावर उभा आहे, आणि त्याला आधार देणारं एकही निवेदन अर्जाला जोडलेलं नाही. सतरावी महिरप कोणाची?

मी म्हटलं, "माझी. ती कशी झाली ते सांगता येईल, पण त्यातला अर्धा भाग माझ्या बहिणीचा आहे आणि तिनं मला तो सांगायची परवानगी दिलेली नाही."

"का नाही दिली?"

"कारण मी कागद पाठवला. स्वतः गेले नाही."

त्यांच्या शेजारच्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी विचारलं, मग तुम्हाला नक्की काय हवंय आमच्याकडून? मी अर्जात कॅमेरा लिहिला होता, मदतनीस लिहिला होता, छपाई लिहिली होती. मी म्हटलं, मला सातजणींच्या घरी जायचंय. त्या सातात एकीला रोज थोडं कमी आठवतं, आणि एकीला सगळं आठवतं पण ती माझ्याशी बोलत नाही. आधी जाणं होऊ द्या, बाकीचं नंतर बघा.

आज उत्तर आलं. कॅमेरा, मदतनीस, छपाई नामंजूर. सातही गावांचा प्रवास आणि राहण्याची सोय मंजूर. मुलाखती आणल्यावर पुढचा विचार करू, असं लिहिलंय. पेनवाली फोनवर मला सांभाळून सांगत होती, तिला वाटलं मी खट्टू होईन. मी तिला म्हटलं, मुली, मला पाहिजे तेवढं मिळालं. ती म्हणाली, मॅडम, असं लेखी देऊ नका हं.

एक अट आहे. प्रवासाआधी प्रश्नावली कार्यालयात दाखल करायची, आणि ती सगळ्यांना तीच, त्याच क्रमानं विचारायची. माझ्याकडे बावीस प्रश्न तयार होते. दोरा कोणता, टाचण्या कुठून यायच्या, पुठ्ठा कोण टोचायचं, दिवसाला किती महिरपी. सत्तावीस वर्षं शिकवलेल्या बाईचे प्रश्न, एकाहून एक हुशार. काल मी ते परत वाचले तेव्हा लक्षात आलं की विणणारीबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. म्हणून सगळे एकेक आकडा खाली सरकवले आणि वर एक नवा लिहिला. पेनवालीनं वाचला आणि विचारलं, हा जरा साधा नाही का वाटत? मी म्हटलं, साधाच आहे, पण मी तो कधी कोणाला विचारला नाही.

प्रवासाचा क्रम मीच ठरवायचा आहे. पहिलं गाव तुझं. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी तीनपर्यंत तुझ्या दारात असेन. दार उघडलंस तर बसून विचारेन, नाही उघडलंस तर बाहेरून विचारेन. तू उत्तर द्यायला कितीही वेळ घे, मी मधे बोलणार नाही.

प्रश्न पहिला: तुम्हाला लेस विणायला आवडायचं का?

तुझी
धाकटी